तीन गिऱ्हाइकांचा धंदा

कुत्रं फिरवून आणायचे कोणी पैसे देईल, असं पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या बिडकीनच्या पारावर कोणी बोललं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या वेळी गावात कुत्र्याला फिरवावं लागतच नसे. शेतवस्तीवर मोती, वाघ्या, राजा अशा नावांची गावठी कुत्री असायची. रात्रभर राखण करायची, दिवसा बांधावरच्या सावलीला पडायची. उरलेली भाकरी ताकात कुस्करून दिली की त्यांचं भागायचं. गळ्यात काही असलंच, तर जुन्या कासऱ्याचा तुकडा. त्याच गावात आज मी सकाळी साडेपाचला लोकांची कुत्री फिरवायला निघतो आणि हा माझा व्यवसाय आहे, हे ऐकून पाहुण्यारावळ्यांना अजूनही नवल वाटतं.

नवल वाटावं असं बिडकीनमध्ये बरंच काही घडलं आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना वाटेत लागणारं हे गाव. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये शेंद्र्याबरोबर बिडकीनची निवड झाली आणि 'ऑरिक' हे नाव घरोघरी गेलं. ७,८५५ एकरांवरच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. जमिनी गेल्या, मोबदला आला, कुणी बंगला बांधला. बाहेरगावची नोकरदार मंडळी भाड्यानं राहायला आली. त्यांच्याबरोबर लॅब्रॅडॉर आले, जर्मन शेफर्ड आले, पग आले. नवरा-बायको दोघंही कामावर, शिफ्टची ड्यूटी, आई-वडील गावाकडे. दिवसभर कुलूपबंद घरात किंवा गच्चीवर एक मुका जीव दाराकडे डोळे लावून बसलेला. या कामाची गरज अशी निर्माण झाली.

पण श्रोतेहो, हा धंदा दिसतो तेवढा नवा नाही. दुसऱ्याचं जनावर मोबदला घेऊन सांभाळायचं, हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गुराखी तेच करायचा. सकाळी घरोघरची गुरं सोडवून घ्यायची, गायरानात चारायची, पाणी पाजायचं आणि दिवस मावळताना ज्याची त्याच्या दावणीला पोचवायची. त्याचा हिशोब जनावरामागे; कुठे धान्यात, कुठे रोख. एखादं वासरू कमी आलं, तर कंदील घेऊन शोधायला जाणं त्याच्याकडे. 'अर्धलीनं' शेळी सांभाळायची रीत तर मराठवाड्यात आजही आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा आणि होणारी करडं निम्मी-निम्मी. कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरांची शिक्षा, असं आपण समजतो. पण इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या त्या कायद्यातही कोंडलेल्या जनावराला चारा-पाणी देण्याची आणि त्याची वहीत नोंद ठेवण्याची जबाबदारी कोंडवाडा सांभाळणाऱ्यावर टाकलेली होती. म्हणजे जनावराचा सांभाळ, त्याचा खर्च आणि त्याची वही, या तिन्ही गोष्टी आपल्याला जुन्याच आहेत.

न्यूयॉर्क शहरात जिम बक नावाच्या गृहस्थानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्री फिरवण्याचं काम पेशा म्हणून सुरू केलं. त्या शहरातला तो पहिला व्यावसायिक कुत्री फिरवणारा मानला जातो. एका वेळी अनेक कुत्र्यांचे पट्टे हातात धरून तो रस्त्यानं चालू लागला, की लोक थांबून बघत. २०१३ मध्ये तो वारला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर मृत्युलेख छापले. मला विचाराल तर तोही गुराखीच. त्याच्या वाट्याला गायरानाऐवजी उंच इमारतींमधले रस्ते आले, एवढाच फरक.

आता गावातली, आसपासची तरुण मुलं माझ्याकडे विचारायला येतात. दहावी-बारावी झालेली, कंपनीत कंत्राटी काम करून कंटाळलेली. "दादा, यात किती सुटतात?" हा पहिला प्रश्न. त्यांना मी सांगतो, पैशाचं नंतर बघू. आधी एवढं ध्यानात घे, की या धंद्याला एक नाही, तीन गिऱ्हाइकं असतात. पहिलं गिऱ्हाईक पैसे देतं, ते म्हणजे मालक. दुसरं गिऱ्हाईक बोलत नाही, ते म्हणजे जनावर. तिसरं गिऱ्हाईक पैसे देत नाही आणि त्यानं तुला बोलावलेलंही नसतं, ते म्हणजे गल्ली. नवीन माणूस पहिल्याला धरून बसतो. हुशार माणूस दुसऱ्यालाही सांभाळतो. पण धंदा टिकतो तो तिसऱ्यामुळे.

तरी पैशाचा प्रश्न टाळून चालत नाही. २०२५ मध्ये एक व्हिडिओ खूप फिरला होता. कुत्री फिरवणारा एक जण महिन्याला साडेचार लाख कमावतो, असा त्यात दावा होता. त्याचं खरंखोटं बाजूला ठेवू आणि आपण आपल्या गावाचा हिशोब मांडू. कुत्रं फिरवायचं ते सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहाच्या पुढं. मधल्या वेळात ऊन, आणि मालकालाही नको असतं. एका कुत्र्याला अर्धा तास, एका घरून दुसऱ्या घरी जायला दहा मिनिटं. म्हणजे तीन तासांत चार, फार तर पाच कुत्री. संध्याकाळी पुन्हा तीच. समजा, एका कुत्र्याचे महिन्याला दीड हजार रुपये ठरले, तर पाच कुत्र्यांचे साडेसात हजार झाले. यातून पेट्रोल वजा करा. जिम बकसारखी सहा कुत्री एकदम घेऊन निघावं म्हटलं, तर आमच्या गल्लीबोळांत ते जमत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर मोकाट कुत्र्यांची टोळी असते. दोन हातांत दोनच पट्टे सांभाळता येतात, आणि खरं तर एकच नीट सांभाळता येतो.

तेव्हा नुसत्या फिरवण्यावर संसार चालत नाही. दुपारच्या वेळी बंद घरात जाऊन खाऊ घालणं, पाणी बदलणं, अंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं, गोचिड्या काढणं, डॉक्टरांकडे नेऊन आणणं आणि मालक परगावी गेले की आपल्याकडे ठेवून घेणं, ही कामं जोडीला लागतात. खरी कमाई ठेवून घेण्यात आहे. आमच्याकडे त्याचा हंगाम म्हणजे दिवाळी आणि मे महिना. बाहेरून नोकरीला आलेली माणसं तेव्हा आपापल्या गावी जातात. गंमत अशी, की याच दोन वेळा जनावराला सर्वांत जड जातात. एकात फटाके, दुसऱ्यात ऊन. म्हणजे पैसा आणि जोखीम हातात हात घालून येतात.

पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळू. मालक आपल्याला काय देतो? वरवर पाहता हातात पट्टा देतो. खरं म्हणजे घराची किल्ली देतो आणि लेकरासारखं वाढवलेलं जनावर देतो. म्हणून मी प्रत्येक जनावराचं वहीत एक पान ठेवतो. नाव, वय, लसीच्या तारखा, जंताचं औषध कधी दिलं, काय खातं, कशाला घाबरतं, पूर्वी कोणाला चावलं आहे का, डॉक्टर कोण, मालकाचा फोन लागला नाही तर कोणाला करायचा. एक ओळ सगळ्यांत महत्त्वाची: अडचणीच्या वेळी मालकाला न विचारता उपचारासाठी किती खर्च करायची मुभा आहे. ही ओळ लिहून त्यावर सही घ्यायला माणूस संकोचतो. पण रात्री अकराला कुत्रं उलट्या करायला लागलं आणि मालक रेल्वेत असला, की त्या एका ओळीची किंमत कळते. किल्लीला मी नावाची चिठ्ठी लावत नाही, नुसता आकडा लावतो. किल्ली हरवली तरी कोणत्या घराची, हे सापडणाऱ्याला कळू नये.

मालकाला काही गोष्टी सांगाव्याही लागतात. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं, हा त्या कायद्यानं गुन्हा ठरवला आहे. कुत्र्याला फिरवणं ही चैन आहे, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. मालकाला वेळ नसेल तर त्यानं दुसऱ्याकडून ते करून घ्यावं. आपला व्यवसाय त्या 'दुसऱ्या'चा आहे.

कोणतं कुत्रं घेऊ, असा सल्लाही लोक विचारतात. मराठवाड्याच्या उन्हात बर्फाळ मुलखातलं हस्की आणायचं आणि मग चोवीस तास कूलर लावायचा, हे मला पटत नाही. चपट्या नाकाच्या पगलाही उन्हाळा सोसत नाही, कारण धाप टाकून अंग थंड करायला त्याला नाकच पुरत नाही. आपल्याकडची कारवानी कुत्री उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तिची निगा राखली. टपाल खात्यानं ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. मात्र या कुत्र्याला पळायला रान हवं, दोन खोल्यांत ते कोमेजतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी गल्लीतलं गावठी पिल्लू सुचवतो. काटक असतं, खर्च कमी आणि लळा तेवढाच. विकत घ्यायचंच असेल, तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हा २०१७ चा नियम तरी लक्षात असू द्या. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पुढं चावरं किंवा भित्रं होण्याचा धोका असतो, आणि त्याचा त्रास मालकाइतकाच आपल्यालाही होतो.

आता दुसरं गिऱ्हाईक. आमच्या रस्त्याच्या शेवटाला पैठण आहे. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेताना नाथांनी ती तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपण सगळे ऐकत आलो आहोत. मला त्या कथेतलं एक वेगळंच महत्त्वाचं वाटतं. गाढवानं पाणी मागितलं नव्हतं. ते मागूच शकत नव्हतं. वाटेनं इतर लोकही जात असतील, पण तहान ओळखली ती एकानं. आमच्या कामातली सगळी विद्या एवढीच आहे: मागता न येणाऱ्याची गरज ओळखणं.

त्यासाठी काही गोष्टी शिकाव्या लागतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धाप टाकणं, हाच त्याचा मुख्य उपाय. एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवून सात आकडे मोजा. हात ठेवता आला नाही, तर त्या रस्त्यावर त्याचे पंजे भाजणार. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटू लागले, की सावलीत घेऊन साध्या पाण्यानं अंग भिजवायचं, पंखा लावायचा आणि लगोलग डॉक्टर गाठायचे. 'जरा वेळ वाट बघू' असं म्हणायला इथं सवड नसते.

खाण्याचंही तसंच. आपल्या घरात प्रेमानं दिलं जातं, तेच कधी विष ठरतं. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, चॉकलेट, शिऱ्यातले बेदाणे हे कुत्र्याला बाधतं. प्रसाद म्हणून दिलेल्या वाटीभर शिऱ्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडावर जाऊ शकतात. शिजवलेल्या कोंबडीचं हाड फुटून आतड्यात रुततं. मांजराला तर माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, जिवावर बेतते. माझ्याकडे राहायला येणाऱ्या प्रत्येक जनावराचं खाणं त्याच्या घरूनच येतं. ते गोड बोलून का होईना, पण मी आग्रहानं मागून घेतो.

ठेवून घेताना सगळ्यांत मोठी भीती रोगाची. पार्व्हो नावाचा विषाणू पिल्लांचा काळ आहे. रक्ताची हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत पिल्लू हातचं जातं. हा विषाणू जमिनीत, फटींत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. आपल्या चपलांवरून, हातांवरून एका घरातून दुसऱ्या घरात जातो. म्हणून लसीची वही पाहिल्याशिवाय मी कोणाचंही जनावर ठेवून घेत नाही, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुतो, प्रत्येकाचं भांडं आणि अंथरूण वेगळं ठेवतो. दिवाळीत आतल्या खोलीत खिडक्या लावून, पडदे ओढून, रेडिओ चालू ठेवतो. फटाक्यांच्या आवाजात माणसाचा संथ आवाज त्यांना आधार देतो. तेव्हा आकाशवाणीचे काही श्रोते चार पायांचेही आहेत, याची नोंद असावी.

एक मर्यादा मात्र कधी ओलांडू नये. निगा राखणं वेगळं आणि इलाज करणं वेगळं. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा आहे. उपचार, शस्त्रक्रिया हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच काम. चार वर्षं कुत्री हाताळली की माणसाला वाटू लागतं, आपल्याला सगळं कळतं. मग तो इंजेक्शन देऊ लागतो. गोचीड काढा, जखम स्वच्छ करा, ताप मोजा, पण औषध डॉक्टरांनाच ठरवू द्या. पशुसंवर्धन खात्याचा जवळचा दवाखाना, खासगी डॉक्टरांचे नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि आता तिसरं गिऱ्हाईक, गल्ली. सकाळी साडेपाचला मी निघतो, तेव्हा रस्त्यावर मी एकटा नसतो. कोणी काकड आरतीला निघालेलं असतं, कोणी फजरच्या नमाजाला. बाया दारात सडा घालून रांगोळी काढत असतात. दूधवाले, पेपरवाले, पहिल्या शिफ्टची बस धरणारे असतात. यांतल्या कोणीही मला नेमलेलं नाही. पण माझ्या हातातल्या कुत्र्यानं ताज्या रांगोळीवर पाय दिला किंवा कोणाच्या तुळशीवृंदावनाजवळ तंगडी वर केली, तर दिवसाची सुरुवात भांडणानं होते. नमाजाला निघालेल्या माणसाच्या कपड्यांना कुत्र्याचं ओलं तोंड लागलं, तर त्याला कपडे बदलायला घरी परतावं लागतं. तेव्हा समोरून चाचा येताना दिसले, की मी पट्टा आखूड धरून कुत्र्याला पलीकडच्या अंगाला घेतो. बोलावं लागत नाही. ते मान हलवतात, मी मान हलवतो. खिशात जुने वर्तमानपत्राचे कागद आणि पिशवी असते. कुत्र्यानं घाण केली की जागच्या जागी उचलायची. हे करताना सुरुवातीला पोरं हसतात. महिनाभरानं हसणं थांबतं आणि त्यांच्या आया ओळख देऊ लागतात.

मोकाट कुत्री हाही गल्लीचाच भाग. त्यांचे इलाके ठरलेले असतात. आपण रोज त्याच वेळी, त्याच वाटेनं गेलो, की ती आपला वास ओळखतात आणि भुंकून गप्प होतात. दगड मारणाऱ्याला मात्र ती विसरत नाहीत. या कुत्र्यांचं काय करायचं, यावर देशभर वाद आहे. २०२३ च्या नियमांनी त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून पुन्हा त्याच जागी सोडायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ रोजी तेच सूत्र मान्य करताना पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, आणि खाऊ ठरलेल्या जागीच घालायचा, असा आदेश दिला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आदेश ७ नोव्हेंबर २०२५ चा. आपण न्यायालयात जाणारी माणसं नाही. पण गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली, तर आपल्या हातातलं कुत्रंही सुरक्षित आणि गल्लीतली पोरंही. लसीकरणाचं शिबिर असलं, की कोणत्या कोपऱ्यावर किती कुत्री आहेत, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या दिवशी मी हजेरी लावतो.

कायदा आपल्यालाही लागू आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शब्द 'मालकीचं' असा नाही, 'ताब्यातलं' असा आहे. पट्टा माझ्या हातात असेपर्यंत ते जनावर माझ्या ताब्यात आहे. 'कुत्रं माझं नव्हे' म्हणून सुटका नाही. म्हणून रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही. पोरं जवळ आली तर थांबायचं, आणि चावरं असेल त्याला मुसकं घालायचं.

एकदा फिरवून परतताना एका घरासमोर गर्दी दिसली. सात-आठ वर्षांच्या पोराच्या पोटरीला मोकाट कुत्रं चावलं होतं. कोणी चुना आणला होता, कोणी तिखट. आजी जखमेत चुना भरण्याच्या बेतात होत्या. मी हातातलं कुत्रं दूर खांबाला बांधलं, पोराला नळाखाली बसवलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं जखम धुतली. म्हटलं, "आजी, चुना पानाला ठेवा. पोराला आधी सरकारी दवाखान्यात न्या. आणि सगळी इंजेक्शनं पुरी करा, एकही चुकवू नका."

श्रोतेहो, हे सगळ्यांनीच ऐकून ठेवावं, कुत्रं पाळत असाल किंवा नसाल. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यानंतर वेळेवर उपाय केले, तर हा रोग टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचली, तेव्हापासून हे जगाला माहीत आहे. साबणानं पंधरा मिनिटं धुणं, त्याच दिवशी लस, ठरलेल्या तारखांना पुढच्या मात्रा, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायचं वेगळं औषध. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. आमच्यासारख्या रोज कुत्री हाताळणाऱ्यांनी तर चावण्याची वाट न बघता डॉक्टरांना विचारून आधीच लस घेऊन ठेवावी. या धंद्यातली पहिली गुंतवणूक तीच.

राहिला कागदपत्रांचा विषय, तो थोडक्यात सांगतो. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. 'उद्यम' नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. कर्ज लागलंच, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतं. पण मी म्हणतो, कर्ज काढून पत्र्याची शेड उभारू नका. पत्र्याखाली मे महिन्यात कुत्रं भाजून निघतं. दोन मजबूत पट्टे, एक मुसकं, थर्मामीटर, कंगवा, नखं कापायची कात्री, ब्लीच आणि एक जाड वही एवढ्यावर सुरुवात होते. पहिले तीन महिने दोनच कुत्री घ्या. पावसात, तापात, घरातल्या लग्नाच्या दिवशीही वेळेवर जाता येतं का, ते स्वतःच बघा. जनावराला रविवार नसतो आणि पोळ्याची सुट्टीही नसते. ते जमलं तर तिसरं घ्या. उधारी ठेवू नका आणि पावती दिल्याशिवाय पैसे घेऊ नका.

धंदा रुळला हे कशावरून ओळखायचं, असं एका मुलानं मला विचारलं. मालक खूश आहे यावरून नाही. तो दोन दिवस उशीर झाला तर नाराजही होईल. कुत्रं शेपूट हलवतं यावरूनही नाही. ते बिस्किटाच्या पुड्यालाही हलवतं. त्या चुना घेऊन बसलेल्या आजींच्या घरी कधी कुत्रं पाळलेलं नाही, पुढंही पाळणार नाहीत. पण त्यांच्या शेजारी नव्यानं राहायला आलेल्या जोडप्याला त्यांनी परस्पर माझा नंबर दिला. "त्या पोराकडे द्या तुमचं कुत्रं, गल्लीला त्याचा त्रास नाही," असं त्या म्हणाल्या. माझ्या वहीत त्या दिवशी एक पान वाढलं. असं पान वाढू लागलं, की धंदा रुळला म्हणावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)